सिल्मरिल नसते तर? नशीब रत्नांनी घडवलं की शपथेने?

महालकर: टोल्किनच्या ‘द सिल्मरिलियन’वर (1977) नागपुरातल्या धंतोलीच्या आमच्या वाचनगटात वाद पेटला, तो इथे आणतोय. माझं म्हणणं: त्या जगाचं नशीब सिल्मरिल नावाच्या तीन रत्नांनीच घडवलं. फेआनोर या एल्फ कारागिराने दोन दिव्य वृक्षांचा उजेड त्यांत साठवला. मेल्कोरने, म्हणजे कथेतल्या खलनायक मॉर्गोथने, वृक्ष मारले, रत्नं पळवली, आणि पुढची शतकं युद्धात गेली. रत्नं काढा, कथाच उरत नाही.

बर्डीचा वाचक: नाही पटलं, दादा. वृक्ष मेल्यावर यावन्ना देवतेने रत्नं मागितली, कारण त्या उजेडाने वृक्ष पुन्हा जगले असते. फेआनोर नाही म्हणाला. तेव्हा रत्नं चोरीला गेलेलीच होती, म्हणजे होकार देऊनही हाती काही लागलं नसतं. तरीही लेखक म्हणतो, तो आधीच हो म्हणाला असता तर पुढची करणी कदाचित वेगळी झाली असती. निर्णायक ठरला तो नकार! मग रत्नं परत मिळवायची सात मुलांसह घेतलेली शपथ, आणि अल्क्वालोंदे बंदरात जहाजांसाठी आपल्याच भाऊबंदांची कत्तल. यात रत्नाचा दोष कुठे?

महालकर: नुसता ऐवज असता तर मानलं असतं. पण वार्दा देवतेने ती पवित्र केलेली, दुष्ट हाताला जाळणारी. फेआनोरच्या मुलाला, माएध्रोसला, शेवटी रत्न मिळालं, तर हात असा भाजला की त्याने रत्नासकट आगीच्या दरीत उडी घेतली. तिथे रत्न न्याय करतं. आपला स्यमंतक मणीही तसाच: रोज आठ भार सोनं द्यायचा, आणि कृष्णावर चोरीचा आळ आला.

सक्करदऱ्याची मावशी: अरे बाळा, तोच स्यमंतक जांबवंताच्या गुहेत लेकराचं खेळणं होता. तिथे कोणाला हाव नव्हती. शतधन्व्याला होती, म्हणून मण्याचा मालक सत्राजित झोपेत मारला गेला. आणि आपलं नागपूरच घे. 1853 मध्ये तिसरे रघूजी वारले, 1854 मध्ये डलहौसीने राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचं जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. राज्य बुडालं म्हणून रत्नं गेली.

महालकर: मावशी, इतिहासाचा नियम टोल्किनच्या जगाला लावू नका. दर्यावर्दी एआरेन्दिलच्या कपाळी एक सिल्मरिल नसतं तर तो देवांच्या वालिनोरला पोचलाच नसता. मदत आली नसती, मॉर्गोथ हरला नसता.

बर्डीचा वाचक: पण ते रत्न सुटलं कसं? एल्फ राजा थिंगोलने लेक लूथियनच्या बदल्यात मागितलं म्हणून. तिचा प्रियकर बेरेन तिच्यासाठी गेला, तेव्हा मॉर्गोथच्या मुकुटातून एक निघालं. ठरलं होतं तेवढंच. दुसऱ्याचा मोह झाला आणि सुरी मोडली, मॉर्गोथ जागा व्हायला लागला. दादा, याला रत्नाची करणी म्हणाल का?