प्रतिसाद: शिया पंथ इराणमधला नव्हे

‘अरबांनी जिंकल्यावर इराण्यांनी वेगळेपण टिकवायला शिया पंथ काढला’, हे वर दोघांनी लिहिलंय ते मला पटत नाही. वाद मुळात अरबांमधलाच, मदिनेतला. ‘शीअत अली’ म्हणजे अलीचा पक्ष, त्याचंच पुढे नुसतं ‘शिया’ झालं. ६३२ साली पैगंबर गेले, तेव्हा नेतृत्व त्यांचे चुलतभाऊ आणि जावई अली यांच्याकडे यावं असं मानणारे हे लोक. खलिफा झाले अबू बक्र. अलींची पाळी चौथी, ६५६ मध्ये. ६८० साली करबलात अलींचे पुत्र हुसैन मारले गेले आणि राजकीय बाजू घेणाऱ्यांचा हळूहळू पंथ झाला. शियांची महत्त्वाची ठिकाणं कूफा, नजफ, करबला ही सगळी गावं आजच्या इराकमधली आहेत!

इराण तर पुढची आठेकशे वर्षं बहुतांश सुन्नीच होता. १५०१ मध्ये शाह इस्माईल सफवीने शिया पंथ राज्यधर्म केला, आणि शिकवायला पुढे लेबननच्या जबल आमिलमधून अरब विद्वान आणावे लागले. आपल्या अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने हाच पंथ स्वीकारला तोही त्याच शतकात, शिया विद्वान शाह ताहिरच्या प्रभावाने.

मुंबईत डोंगरीच्या इराणी मशिदीतही निळ्या फरशांइतकीच मला मातीची छोटी वडी लक्षात राहिली. तिला सज्दगाह म्हणतात. नमाजात कपाळ तिच्यावर टेकतात. तिच्यासाठी सगळ्यात मोलाची मानतात ती करबलाची, म्हणजे इराकमधलीच माती.