उद्या पहाटे हॉल, आणि ऑस्कर कुणाला
(सोसायटीचा ग्रुप, रविवार 12 मार्च 2023, संध्याकाळ)

देशपांडे काका, ए-204: नमस्कार. उद्या पहाटे साडेपाचला हॉलमधला टीव्ही लावून ऑस्कर बघणार असं वॉचमनकडून कळलं. परवानगी कुणी दिली? धुळवडीला हॉलचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, भिंतीवरचे डाग अजून तसेच आहेत. माझी बेडरूम हॉलच्या बरोब्बर वर आहे हेही माहीत आहे.

सायली, बी-501: काका आवाज एकदम कमी ठेवू 🙏 आरआरआरमधलं नाटू नाटू नॉमिनेट झालंय, असं रोज होत नाही. आणि तिकडे लॉस एंजेलिसला रविवारची संध्याकाळ असते त्याला आम्ही काय करणार

फडके, सी-103: एक दुरुस्ती. आरआरआर ही भारताची अधिकृत एंट्री नाही. अधिकृत एंट्री 'छेल्लो शो' ही गुजराती फिल्म होती.

सायली: माहितीये काका. ती 15 च्या शॉर्टलिस्टपर्यंत गेली, पुढे नाही. बरं कोण जिंकणार त्याची लिस्ट ज्यांची राहिलीये त्यांनी टाका. माझी: पिक्चर आणि डायरेक्टर दोन्ही एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स. 11 नॉमिनेशन्स आहेत म्हणून नाही हां, लॉन्ड्री चालवणाऱ्या बाईला टॅक्स ऑफिसात बोलावतात एवढ्याशा गोष्टीवरून काय काय केलंय. ॲक्ट्रेस मिशेल योह. सपोर्टिंग ॲक्टर के ह्वी क्वान, इंडियाना जोन्समधला तो छोटा मुलगा, मोठा झाल्यावर कामच मिळेना म्हणून ॲक्टिंग सोडून दिलेली त्याने. गाणं सांगायलाच नको

सावंत वहिनी, बी-302: मला तो पिक्चर अर्ध्यातच सोडावासा वाटला गं, डोकं गरगरलं. ॲक्ट्रेस केट ब्लँचेट! टारमध्ये ती ऑर्केस्ट्रासमोर उभी राहते तेव्हा खरीच कंडक्टर वाटते

सायली: वहिनी तिच्या घरी दोन आहेत ऑलरेडी

सावंत वहिनी: मग काय झालं, तुझ्या घरी दोन स्कूटर आहेत तरी तिसरी लावतेसच ना आमच्या जागेत 😊

पाटील, सी-402: 😂😂😂

पाटील: माझं मत टॉप गन. लोकांना परत थेटरात आणलं त्याने. बाकीचे पिक्चर कोण बघतं ओ. पण टॉम क्रूझला ॲक्टरचं नॉमिनेशनच नाही, आहे की नाही अन्याय

फडके: पुन्हा सांगतो. आरआरआर ही भारताची अधिकृत एंट्री नाही.

पाटील: फडके साहेब टॉप गन पण नाहीये

कुलकर्णी काकू, ए-101: एवढं भांडताय पण मतदान 7 तारखेलाच संपलंय. आणि आपल्याकडे पहिलं ऑस्कर कुणी आणलं ते विसरू नका, आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया, 1983 साली, गांधीच्या कपड्यांसाठी. बाईंनी पुढे 2012 मध्ये ती बाहुली अकादमीकडेच ठेवायला परत पाठवली, इथे नीट सांभाळली जाईल असा भरवसा नव्हता म्हणून. यावरून काय ते समजा.

देशपांडे काका: इथे माझ्या प्रश्नाला उत्तर नाही आणि टॉप गन चाललंय. विषय निघालाच आहे तर बेस्ट ॲक्टर बिल नाय. लिव्हिंग.

पाटील: बिल नाय? ह्या महिन्याचं मेंटेनन्स माफ का 😂

देशपांडे काका: पाटील, नटाचं नाव आहे ते. नोव्हेंबरात मुलाकडे लंडनला होतो तेव्हा थेटरात पाहिला. कुरोसावाच्या इकिरू ह्या जपानी पिक्चरवरून केलाय, पटकथा इशिगुरोची. सरकारी कचेरीतला साहेब, आयुष्यभर कागद ह्या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात. काही बायका मुलांच्या खेळाच्या जागेसाठी अर्ज घेऊन ह्या खात्यातून त्या खात्यात हिंडत असतात. डॉक्टर याला सांगतात की आता थोडेच महिने, तेव्हा हा तो अर्ज बाहेर काढतो आणि मागे लागून ते काम पुरं करतो. कुठे आवाज चढवणं नाही, रडारड नाही, नुसता टोपी घालून चालतो तरी कळतं. छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्याला विचारा. तो एल्विस काय आणि वजनाचा सूट घातलेला तो माणूस काय.

सायली: काका ब्रेंडन फ्रेझरला नावं नका ठेवू प्लीज, व्हेलमध्ये डोळ्यांनी केलंय त्याने सगळं. माझं त्यालाच

पाटील: खेळाच्या जागेवरून आठवलं, मागच्या बाजूच्या बागेचा ठराव काका तुमच्याच चेअरमनकीतला ना? पोरं अजून रॅम्पवर खेळतायत

देशपांडे काका: तो अर्ज पालिकेत आहे. दोनदा स्मरणपत्र दिलंय, पोच माझ्याकडे आहे. आणि त्या जागेत टू-व्हीलर कुणाच्या लागतात तेही बघा जरा.

फडके: कृपया सर्वांनी नोंद घ्यावी, आरआरआर ही भारताची अधिकृत एंट्री नाही.

सावंत वहिनी: ते सोडा हो, एलिफंट व्हिस्परर्स कुणी बघितली का? चाळीसेक मिनिटांची आहे, नेटफ्लिक्सवर. मुदुमलाईचं ते हत्तीचं पिल्लू रघू, आणि त्याला सांभाळणारे बोम्मन आणि बेल्ली. दुसरं पिल्लू अम्मू आल्यावर रघू रुसतो काय, आणि मग त्याला दुसऱ्या माहुताकडे देतात तेव्हा बेल्लीचा चेहरा. मी आणि सासूबाई दोघी रडलो. शॉर्ट डॉक्युमेंटरीत तीच, लिहून ठेवा

सायली: 💯 आणि मोठ्या डॉक्युमेंटरीत ऑल दॅट ब्रीद्स, दिल्लीतले दोघं भाऊ जखमी घारी बऱ्या करतात ती. तिथे मात्र नवाल्नी ही फिल्म जड जाईल असं वाटतं

पाटील: आणि गाण्यात लेडी गागा, रिहाना आहेत, उगाच उडू नका

सायली: गीतकार डायन वॉरेन पण आहे, 14वं नॉमिनेशन तिचं, नोव्हेंबरात मानद ऑस्कर दिलं तेवढंच. तरी नाटू नाटूच. गोल्डन ग्लोब मिळालाय, आणि तो डान्स कीवला राष्ट्राध्यक्षांच्या महालासमोर शूट केलाय 2021 मध्ये, युद्धाच्या आधी. तो बघून वाईट वाटतं आता

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. हॉल 5.15 ला उघडेल. गाणं सोडून बाकी वेळ टीव्ही म्यूट. रिमोट देशपांडे काकांकडे. खुर्च्या ज्याने काढल्या त्यानेच लावायच्या.

देशपांडे काका: मी येणार असं म्हटलेलं नाही.

कुलकर्णी काकू: चहा मी करते, दूध मात्र कुणीतरी आणा, मागच्या वेळचे पैसे अजून आलेले नाहीत

पाटील: रिमोट काकांकडे म्हणजे नाटू नाटूच्या वेळी पण म्यूटच 😂 आणि बागेचं एजीएमला घेणार का, हो की नाही ते लिहा इथेच

सेक्रेटरी: पाटील, तुमचे दोन क्वार्टर बाकी आहेत. पर्सनलवर बोलू.