वर्णन १६० अक्षरांत बसवून भागत नाही

मेटा डिस्क्रिप्शन (पानाच्या कोडमध्ये लिहिलेले त्याचे छोटे वर्णन) १६० अक्षरांच्या आत ठेवले की शोधनिकालात पानाची झलक, म्हणजे दुव्याखालचा मजकूर, हवी तशी दिसते, हे इथल्या चर्चेतले मत पटत नाही. गूगलने लांबीची अशी मर्यादा घातलेलीच नाही. पडद्यावर मावेल तेवढाच मजकूर दाखवला जातो, आणि शोधलेल्या शब्दांशी पानातले एखादे वाक्य अधिक जुळत असेल, तर आपण मेहनतीने लिहिलेले वर्णन खुशाल बाजूला सारले जाते. (शिवाय ‘स्त्री’ हे आपल्या लेखी एकच अक्षर असले, तरी युनिकोडमध्ये ती सहा चिन्हे होतात, मग १६० मोजायचे ते कसे?)

चर्चेत न आलेली सोय म्हणजे २०१९ साली गूगलने आणलेला ‘डेटा-नोस्निपेट’ हा गुणधर्म. तो लावलेला मजकूर झलकेत घेतला जात नाही, आणि तो पानाच्या एचटीएमएल कोडमधल्या स्पॅन, डिव्ह आणि सेक्शन या तीनच टॅगांना लावता येतो. आमच्या पाककृतींच्या संकेतस्थळावर थालीपिठाच्या पानाच्या झलकेत ‘आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सामील व्हा’ ही ओळ येत असे. तिच्या डिव्हला हा गुणधर्म लावल्यावर, बॉट (पाने वाचणारा गूगलचा प्रोग्रॅम) पुन्हा येऊन गेल्यानंतर, तिथे भाजणीचे प्रमाण सांगणारे वाक्य दिसू लागले. मात्र रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने कोणती पाने उघडू नयेत हे सांगणाऱ्या फाइलमध्ये) अडवलेल्या पानावर याचा काही उपयोग नाही, कारण जे पान बॉटला उघडताच येत नाही, त्यातली सूचना तो वाचणार तरी कशी?