रि: रि: हॉलचं शीटरॉक (भिंतींचे जिप्सम बोर्ड), गुरुवारपर्यंत ठरवा

खजिनदार:
मंडळी, काउंटीच्या बाईंचा परत फोन. दर आठवड्याचा सर्टिफाइड पेरोल, म्हणजे कोणाला किती तासांचे किती पैसे दिले याचा सही केलेला हिशोब, मिळाल्याशिवाय हॉलच्या दुरुस्तीचा चेक निघणार नाही. पैसा फेडरल डिझास्टर रिकव्हरीचा, काम २,००० डॉलर्सच्या वरचं, म्हणजे डेव्हिस-बेकन, मजुरांना ठरलेल्या स्थानिक दराने पगार द्यायला लावणारा कायदा, लागतोच. आपला कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पोरांना (त्याच्या मजुरांना) रोख देतो, कागद-बिगद जमणार नाही.

बिल्डिंग कमिटी:
हे आधी कमिटीकडे यायला हवं होतं, थेट लिस्टवर नाही. त्याचं कोटेशन सगळ्यात कमी आहे. १,९०० ची वेगवेगळी बिलं करा, विषय संपला. गणपतीआधी हॉल हवाय.

खजिनदार:
कायदा चुकवायला कामाचे तुकडे पाडता येत नाहीत. मी सही करणार नाही.

न्यू ऑर्लिन्सवाली ताई:
सही करूच नका. कत्रीना वादळानंतर ८ सप्टेंबर २००५ ला राष्ट्राध्यक्ष बुशनी हाच कायदा स्थगित केला होता, ओरड झाली तेव्हा ८ नोव्हेंबरला परत लागू केला. आमच्या शेजारच्या घरात मजूर भिजलेलं शीटरॉक फोडत होते, छातीपर्यंत काळी बुरशी, तोंडाला नुसता रुमाल, आणि पगाराच्या दिवशी मुकादम गायब. मिसिसिपीतल्या पास्कागूलाला तर एका कंपनीने आपल्याच देशातले, भारतातले, ५०० च्या आसपास वेल्डर-पाइपफिटर आणले, एका ट्रेलरमध्ये २४ जणांपर्यंत कोंबले आणि त्याचे महिन्याला १,०५० डॉलर्स पगारातून कापले. २०१५ मध्ये ज्युरीने त्यातल्या ५ जणांना १.४ कोटी डॉलर्स द्यायला लावले.

काका:
ताई, ते एच-२बी, म्हणजे तात्पुरत्या कामगारांच्या व्हिसाचं प्रकरण, डेव्हिस-बेकनशी संबंध नाही. आणि स्थगिती आधीपण झालीय, अँड्र्यू वादळानंतर १९९२ मध्ये थोरल्या बुशनी दिली, ती क्लिंटननी १९९३ मध्ये उठवली.

न्यू ऑर्लिन्सवाली ताई:
काका, कलम वेगळं असेल, माणसं तीच. घाई आपल्याला आणि पैसे कमी त्यांना, हे मला आपल्या हॉलमध्ये नकोय.

बिल्डिंग कमिटी:
मग शनिवारी आपणच लावू, त्याची पोरं फुकट मदतीला येतील म्हणाला.

खजिनदार:
आपण लावू शकतो, खऱ्या व्हॉलंटियरना सूट आहे, नावं आणि तास लिहून ठेवायचे. पण जो याच कामावर पगार घेतो तो व्हॉलंटियर होत नाही, त्यामुळे त्याची पोरं नाहीत. दुसऱ्या नंबरच्या कोटेशनवाला पेरोल द्यायला तयार आहे, त्याला मी उद्या फोन करतोय. शनिवारी येणाऱ्यांनी मला वेगळी मेल टाका, लिस्टवर नको.

वहिनी:
आम्ही दोघं येतो. किचनची भिंत पण यातच धरलीय ना?