बाबांना व्हेंटिलेटर नकोय, लिहून कसं ठेवायचं?

फोंडेकरीण:
बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, केमो त्यांनी स्वतःच थांबवली. डोकं एकदम शाबूत, रोज पेपर वाचतात, आणि काल मला म्हणाले, बाय, मला मशीनवर घालू नका, घरीच ठेवा. भाऊ म्हणतो शेवटपर्यंत ट्राय करायचं. कायद्याने बाबांचं म्हणणं चालतं का?

डिचोलीकर:
चालतं ताई. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं, २०२३ मध्ये प्रोसेस सोपी केली. शुद्धीत असताना लिहायचं, दोन साक्षीदारांसमोर सही, मग नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर. आपल्या वतीने कोण बोलणार त्याचं नाव घालायचंच. गोव्यात मे २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल, म्हणजे असाच कागद, केलंय. पुढे वेळ आली की डॉक्टरांची दोन बोर्डं बघतात, मगच मशीन काढतात.

मडगावची मावशी:
कागद कराच, पण भावाला ते बाबांच्या तोंडून ऐकू दे, तुझ्या नको. आणि पॅलिएटिव्ह डॉक्टर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे, आत्ताच गाठ, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नको, दम लागतो त्यावर मॉर्फिनच्या छोट्या डोसने खूप आराम पडतो, लोक उगाच घाबरतात. आमची आई घरीच गेली, पेज दोन चमचे का होईना मागून खायची, शेजारणी येऊन बसायच्या, तिला कोणी पेशंट केलं नाही.

फोंडेकरीण:
मावशी, वाचून रडले. भाऊ रविवारी येतोय, बाबाच बोलणार. साक्षीदार शेजारचे काका चालतील?

डिचोलीकर:
चालतील, घरच्यांपेक्षा बाहेरचेच बरे.