मदत हवी आहे: हीटिंग ओपन व्हेंटेडचं सील्ड करायचंय, सोमवारच्या आत (इंग्लंड)

मृण्मयी_रीडिंग
घाईत लिहितेय, चुका पोटात घाला. घर १९७० च्या दशकातलं, हीटिंग जुन्या पद्धतीचं (ओपन व्हेंटेड), लॉफ्टमध्ये म्हणजे छपराखालच्या माळ्यावर टाकी आणि तिच्यावर तो वाकडा पाइप. हे सगळं काढून सील्ड, म्हणजे टाकीशिवाय, दाबाखाली बंद असं करायचंय. एका प्लंबरने घर न बघता फोनवरच ९०० पौंड सांगितले, दुसरा म्हणतो नवा बॉयलरच घ्या, तिसरा फोन उचलत नाही. यूट्यूबवर तर एक्स्पान्शन व्हेसल (तापून फुगलेलं पाणी सामावणारं भांडं) लावला, फिलिंग लूप (मेन लाइनमधून पाणी भरायची नळी) लावला, वरचे दोन पाइप बंद केले की झालं. खरंच एवढंच असतं का? नवरा म्हणतोय मीच करतो, म्हणून जास्त घाई आहे.

खटपट्या
बॉयलर कुठला, किती जुना? सिलिंडर आहे का? लॉफ्टमध्ये टाक्या किती? यातलं एकही लिहिलं नाहीत आणि उत्तर सोमवारच्या आत हवंय.

मृण्मयी_रीडिंग
बॉयलर गॅसचा, गॅरेजमध्ये, घर घेतलं तेव्हापासून तोच. सिलिंडर वरच्या कपाटात. टाकी एक, मोठी.

कोथरूडकर
घरात कपाटात सिलिंडर ठेवू देतात तिकडे? आमच्याकडे पाइप गॅस आला बुवा.

खटपट्या
काका, गरम पाण्याचा तांब्याचा सिलिंडर हो.
मृण्मयीताई, टाकी खरंच एकच असेल तर थांबा. काही जुन्या घरांत प्रिमॅटिक नावाचा सिलिंडर असतो, त्यात रेडिएटरचं पाणी आणि नळाचं पाणी यांच्यामध्ये फक्त हवेचा फुगा असतो. त्याला सील्ड करता येत नाही, आधी सिलिंडर बदलावा लागतो. वर जाऊन टॉर्च मारून बघा.

दर_रविवारी_ब्लीड
माझं ऐका, हात लावू नका. आमच्याकडे ८ मिमीचे पाइप सिमेंटच्या फरशीत गाडलेले, मोठ्या हौसेने सील्ड केलं, प्रेशर १.२ बार भरलं की तीन दिवसांत ०.४. महिनाभर रोज सकाळी चहाआधी काटा बघायचो. शेवटी डायनिंगच्या कोपऱ्यातलं लॅमिनेट उचकटलं तर खाली ओलं सिमेंट, आणि पाइपवर हिरवा डाग, त्यात सुईच्या टोकाएवढं भोक. टाकी होती तोवर काही त्रास नव्हता.

खटपट्या
त्रास होताच, कळत नव्हता. गळेल तेवढं बॉलकॉक गुपचूप भरत होता, आणि दर वेळी ताजं पाणी म्हणजे ताजा ऑक्सिजन, त्यातूनच रेडिएटरमध्ये काळा गाळ. सील्डने गळती दाखवली, केली नाही.

दर_रविवारी_ब्लीड
फरशी तुमच्या घरची फुटली असती म्हणजे कळलं असतं.

हिरवा_कंदील
२०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये बाहेरची उष्णता घेऊन घर तापवणाऱ्या हीट पंपाला ७५०० पौंड अनुदान मिळतंय आणि लोक अजून गॅस बॉयलरची टाकी काढू की ठेवू करतायत. कमाल आहे.

कोथरूडकर
आमच्या गच्चीवरच्या सोलरलाही अस्साच वाकडा पाइप आहे. पंधरा वर्षं झाली, एक पैसा खर्च नाही.

मृण्मयी_रीडिंग
वर जाऊन आले, अंगभर काचेची लोकर टोचतेय. दुसरी टाकी सापडली!! इन्सुलेशनच्या मागे, बादलीएवढी, पाणी दुधाशिवायच्या चहासारखं आणि तळाशी गाळ. तिच्यावरही वाकडा पाइप आहे, मी बघत होते तो मोठीवरचा. आता करू ना सील्ड? सोमवारी लॉफ्ट कन्व्हर्जनवाले (माळ्याची खोली करून देणारे) येणार, दोन्ही टाक्या निघतील ना?

खटपट्या
अहो ताई, लॉफ्ट कन्व्हर्जन!! हे पहिल्या ओळीत लिहायचं.
सील्ड केलं की छोटी, रेडिएटरची टाकी जाते. मोठी नाही. मोठीतून सिलिंडरला पाणी येतं, ती काढली की गरम पाण्याचे नळ बंद. आणि नवऱ्याला आत्ताच सांगा की मेनचं पाणी थेट या सिलिंडरला जोडायचं नाही, तो त्या प्रेशरसाठी बनवलेलाच नसतो, फाटेल. मोठी टाकी घालवायची तर अनव्हेंटेड सिलिंडर (थेट मेनच्या प्रेशरवर चालणारा) किंवा कॉम्बी (सिलिंडरशिवाय पाणी तापवणारा बॉयलर). अनव्हेंटेडला जी-३ (त्यासाठीचा इमारत नियम) पात्रतेचा माणूसच लागतो, गॅसला गॅस सेफ नोंदणीवाला. पाण्याच्या बाजूचं काम नवरा करू शकतो, पण आधी बॉयलरच्या मॅन्युअलमध्ये सील्ड चालतं का बघा, सगळ्या जुन्या बॉयलरना चालत नाही. ३ बारच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप तांब्याचा, घराबाहेर काढायचा, प्लॅस्टिकचा नको.
आणि आज एकच करा. किचनचा थंड नळ पूर्ण सोडून १० लिटरची बादली किती सेकंदांत भरते मोजा. मिनिटाला २० लिटरच्या आसपास नसेल तर अनव्हेंटेडवर पैसे घालून उपयोग नाही, दोन शॉवर एकदम चालणार नाहीत.

हिरवा_कंदील
हीट पंपालाही बहुतेकदा अनव्हेंटेड सिलिंडरच लावतात, म्हणून म्हणत होतो.

खटपट्या
तुम्ही अनुदान म्हणत होतात.

मृण्मयी_रीडिंग
५५ सेकंद. 😭

दर_रविवारी_ब्लीड
म्हणजे जेमतेम ११ लिटर. सांगितलं होतं, हात लावू नका.

खटपट्या
सिंकखालचा मेन कॉक पूर्ण उघडा आहे का?

मृण्मयी_रीडिंग
नव्हता. आधीच्या मालकाने अर्धाच ठेवलेला, नवऱ्याने पाना लावून उघडला, आता ३२ सेकंद. लॉफ्टवाल्यांना दोन आठवडे पुढे ढकललंय, ते चिडलेत. जी-३ वाला कुणाच्या ओळखीचा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रीडिंग शहरात किंवा आसपास.

कोथरूडकर
ताई, कॉक गळत नाहीये ना आता? जुना कॉक फिरवला की हमखास गळतो.

मृण्मयी_रीडिंग
काका, टपटपतोय. खाली पातेलं लावलंय.