अतिशीत तापमानाला ॲल्युमिनियमच्या आरशाचा आकार का बिघडतो?

प्रश्न:
अवरक्त वर्णपटमापकासाठी ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा एक वक्र आरसा डायमंड टर्निंगने, म्हणजे हिऱ्याच्या टोकाच्या हत्याराने, कातून घेतला आहे. खोलीच्या तापमानाला इंटरफेरोमीटरवर (प्रकाशलहरींनी पृष्ठभागाचा आकार मोजणाऱ्या उपकरणावर) तो उत्तम उतरतो, परंतु ८० केल्विनपर्यंत थंड केल्यावर ठळक ॲस्टिग्मॅटिझम (दोन दिशांना वक्रता वेगवेगळी झाल्याने येणारा दोष) दिसतो. बैठकही त्याच धातूची आहे. दोष धातूत शोधावा की जोडणीत?

प्रतिसाद १:
आरसा पुन्हा खोलीच्या तापमानाला आणून मोजावा. बिघाड तसाच उरला, तर धातूत कोंडलेला ताण थंडीत मोकळा झाला असे समजावे. तो नाहीसा झाला, तर संशय जोडणीवर किंवा मुलाम्यावर घ्यावा. ताणावरचा उपाय अंतिम कातकामाआधीच करावा लागतो. भरड कातकाम झालेला तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये ७७ केल्विनपर्यंत थंड करावा, मग टेम्पर (उष्णता-प्रक्रियेने धातूला आलेला कणखरपणा) बिघडणार नाही इतपतच तापवावा, हे चक्र सावकाश अनेकदा करावे आणि हिऱ्याचा शेवटचा हलका काप त्यानंतरच द्यावा. वेळ वाचवण्यासाठी हा टप्पा गाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद २:
खोलीच्या तापमानाला घेतलेले मोजमाप आरसा बैठकीवर कसलेला असताना घेतले होते का? ॲल्युमिनियम ८० केल्विनपर्यंत सुमारे ०.४ टक्के आकसते, म्हणजे ३०० मिलिमीटरमागे जवळपास १.२ मिलिमीटर. आरसे आणि बैठक एकाच प्रमाणात आकसले, की प्रतिमा स्पष्टच राहते. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या मिरी या अवरक्त उपकरणातील ॲल्युमिनियमचे आरसे ७ केल्विनखाली याच भरवशावर काम करतात. मात्र हे गणित बोल्टला लागू नाही. स्टेनलेस स्टील ॲल्युमिनियमपेक्षा कमी आकसते, त्यामुळे थंडीत पकड सैल होते आणि स्प्रिंग वॉशर नसतील तर आरसा जागचा हलू शकतो. शिवाय आरशाचे तिन्ही टेकू एका प्रतलात नसतील, तर बोल्ट कसताच आरसा पिळला जातो. टेकू आणि परावर्तक पृष्ठभाग यांच्यामध्ये लवचीक मान ठेवली, तर तो पीळ पृष्ठभागापर्यंत पोहोचत नाही.

प्रतिसाद ३:
पॉलिश करण्यासाठी निकेल-फॉस्फरसचा मुलामा दिला असेल, तर तेही पाहावे. या मुलाम्याचे तापमानानुसार होणारे प्रसरण-आकुंचन ॲल्युमिनियमच्या जवळपास निम्मे असल्याने थंडीत आरसा वाकतो. गोल, सममित आरशात त्यामुळे मुख्यतः केंद्रांतर बदलते, परंतु अक्षाबाहेरच्या (मोठ्या वक्र पृष्ठभागाचा बाजूचा तुकडा असलेल्या) आरशात ॲस्टिग्मॅटिझमही येतो. दोन्ही बाजूंना सारख्या जाडीचा मुलामा दिल्यास हे पुष्कळ कमी होते. सुमारे ४० टक्के सिलिकॉनचे ॲल्युमिनियम मिश्रधातू वापरले, तर प्रसरण निकेलशी जुळते, पण मग बैठकही त्याच मिश्रधातूची हवी. केवळ अवरक्तात काम असेल, तर हिऱ्याने उमटलेल्या बारीक रेघांमुळे होणारे प्रकाशाचे विखुरण बहुधा चालून जाते, तेव्हा मुलामा टाळून कातलेल्या पृष्ठभागावर थेट सोन्याचा पातळ थर द्यावा, हे मला अधिक पटते.